तिला तो शेवट आवडू दे, दादा

प्रिय दादा,

‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ हा सिनेमा निघालाच नाही असं तू 2019च्या डिसेंबरपासून धरून चालला आहेस. लेकीला तू ‘स्टार वॉर्स’ दाखवलंस ते पहिल्या सहा भागांपर्यंत. पुढचं विचारलं की ‘संपली गोष्ट’ म्हणून मोकळा व्हायचास. या सुट्टीत ती माझ्याकडे आली आणि आम्ही दोघींनी उरलेले तिन्ही भाग पाहिले. शेवटचा तिला फार आवडला. किती, तर एक्झिगॉलच्या आकाशात साऱ्या दीर्घिकेतून जहाजं गोळा होतात तिथे ती सोफ्यावर उभी राहिली, आणि हान-लियाचा मुलगा बेन सोलो गेला तेव्हा बराच वेळ उशीत तोंड खुपसून बसली. मग तिनं तुला फोन लावला. तू तिला काय म्हणालास ते इथे पुन्हा लिहीत नाही. फोन ठेवल्यावर तिनं मला विचारलं, ‘आत्या, मला आवडला म्हणजे मला सिनेमा कळत नाही का?’

म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस.

तुझा राग खरा आहे, तेव्हा आधी त्याबद्दल. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ 1983चा. आपण तो बऱ्याच उशिरा पाहिला, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर, चाळीतल्या सगळ्या पोरांसोबत. मला इंग्रजी येत नव्हतं, तू मध्येमध्ये मराठीत सांगत होतास. सम्राट ल्यूकवर विजा सोडतोय, ल्यूक जमिनीवर तडफडत बापाला हाक मारतोय, आणि डार्थ व्हेडर एकदा मुलाकडे बघतो, एकदा सम्राटाकडे. मुखवट्यामुळे चेहरा दिसत नाही, नुसती मान वळते. मग तो सम्राटाला उचलतो आणि खोल विवरात फेकून देतो. त्या वेळी तू काहीच सांगितलं नाहीस आणि मलाही विचारावं लागलं नाही. व्हेडरचं, म्हणजे मूळच्या अनाकिनचं, पडणं, त्याचं राक्षस होणं आणि शेवटी मुलासाठी मरणं, सगळं त्या वळलेल्या मानेत होतं.

त्यानंतर 36 वर्षांनी ‘राइज ऑफ स्कायवॉकर’ सुरू होतो आणि पडद्यावर सरकणाऱ्या पहिल्याच ओळींत कळतं की तो सम्राट, पॅल्पटिन, परत आलाय. त्याची धमकी साऱ्या दीर्घिकेनं ऐकली म्हणे, पण आपल्याला सिनेमात ती ऐकूच येत नाही. ती ऐकवली होती सिनेमा लागायच्या आधी, ‘फोर्टनाइट’ नावाच्या व्हिडिओ गेममध्ये. पॅल्पटिन वाचला कसा, याचा खुलासा म्हणजे पो डॅमेरॉनच्या तोंडचं एक हताश वाक्य आणि काळ्या विद्येचा ओझरता उल्लेख. इथे तू चिडलास ते अगदी बरोबर होतं. व्हेडरनं जीव दिला तो कशासाठी, असा प्रश्न पडतो आणि सिनेमाकडे त्याचं उत्तर नाही.

आणि हे एकदाच होत नाही. नव्या भागांची नायिका रे, तिच्या हातून सुटलेल्या विजेनं जहाज फुटतं, त्यात च्युबॅका गेला असं आपण समजतो, रेचा चेहरा पांढराफटक पडतो, आणि काही मिनिटांत कळतं की तो दुसऱ्याच जहाजात होता. यंत्रमानव सी-थ्रीपीओ मित्रांसाठी आपली स्मृती पुसून घ्यायला तयार होतो आणि त्याआधी एकदा सगळ्यांकडे डोळे भरून बघतो. सगळ्या सिनेमात मला तो क्षण फार जवळचा वाटला. पण तीही स्मृती पुढे आर्टू परत भरून देतो. या प्रसंगांत कुणाचंच काही जात नाही. ज्या गोष्टीत आपण इतकं गमावत आलो होतो, ओबी-वान गेला, योडा गेला, हान सोलो मुलाच्या, बेनच्या, हातून मारला गेला, तिच्या शेवटाला एवढंही नुकसान पेलवू नये याचं मलाही वाईट वाटलं.

आता माझं म्हणणं ऐक. हा सिनेमा फसला तो आळसामुळे नव्हे. तो भीतीपोटी फसला, आणि ती भीती प्रेक्षकांची होती. तुझी-माझी, आपल्यासारख्यांची.

पुरावा म्हणून एकाच वस्तूकडे बघ. अनाकिनचं, मग ल्यूकचं झालेलं ते निळं लाइटसेबर. 2015च्या ‘द फोर्स अवेकन्स’च्या शेवटी रे बेटावरच्या पायऱ्या चढून जाते आणि ते ल्यूकपुढे धरते. सिनेमा तिथेच थांबतो, एक हात पुढे केलेला, दुसरा अजून पुढे न आलेला. दिग्दर्शक जे. जे. एब्रम्सनं तो प्रश्न सोडून दिला आणि दोन वर्षं सारं जग त्यावर विचार करत राहिलं. 2017मध्ये ‘द लास्ट जेडाय’मध्ये रायन जॉन्सनचा ल्यूक ते हातात घेतो, क्षणभर बघतो आणि खांद्यावरून मागे भिरकावून देतो. थिएटरात निम्मे लोक हसले, निम्म्यांचा जीव चरकला. मग 2019मध्ये पुन्हा एब्रम्स. आता रे स्वतःच घाबरून ते लाइटसेबर आगीत फेकते आणि ज्वाळांतून ल्यूकचा आत्मा बाहेर येऊन ते वरच्यावर झेलतो. जेडायच्या शस्त्राचा मान राखायला हवा, असं तिला समजावतो. दोन वर्षांपूर्वी ज्यानं तेच शस्त्र फेकलं त्याच माणसाच्या तोंडी हे वाक्य आहे. तो पडद्यावर रेशी बोलतोय, पण समजूत घालतोय ती 2017ला रुसलेल्या चाहत्यांची. मला तिथे ल्यूकची दया आली. इतक्या मोठ्या माणसाला त्यांनी माफी मागायला उभं केलं होतं.

तुला 2017चं ते वातावरण आठवत असेल. रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांनी ‘लास्ट जेडाय’ला शंभरात नव्वदच्या वर नेलं आणि प्रेक्षकांचा आकडा पन्नासच्याही खाली आला. तो सिनेमा अधिकृत कथेतून काढून टाका, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर हजारोंनी सह्या केल्या. ‘राइज ऑफ स्कायवॉकर’च्या वेळी सगळं उलटं झालं: समीक्षकांचा आकडा निम्म्याच्या आसपास अडकला आणि प्रेक्षकांचा ऐंशीच्या पुढे गेला. म्हणजे ज्यांना खूश करायचं होतं ते बरेचसे खूश झाले, आणि तरीही चार-सहा महिन्यांत त्या सिनेमावर प्रेमानं बोलणारं माणूस सापडेना. गल्ला शंभर कोटी डॉलरच्या वर गेला, पण ‘फोर्स अवेकन्स’च्या तो जेमतेम निम्मा होता.

मधल्या घडामोडीही लक्षात घे. नववा भाग मुळात कॉलिन ट्रेव्होरो करणार होता. सप्टेंबर 2017मध्ये तो बाजूला झाला आणि एब्रम्सला बोलावून घेतलं. तीन भागांची एक गोष्ट, पण तिचा शेवट आधी कुणी ठरवलेलाच नव्हता. त्यातच लियाचं काम करणारी कॅरी फिशर 27 डिसेंबर 2016ला गेली. जुन्या तिघांतल्या हान सोलोचा एक सिनेमा झाला, ल्यूकचा दुसरा, तिसरा लियाचा व्हायचा होता. तो तिच्याविनाच करावा लागला.

तिच्यासाठी तरी तू तो सिनेमा पुन्हा बघावास असं मला वाटतं. ‘फोर्स अवेकन्स’च्या वेळी न वापरलेले कॅरी फिशरचे तुकडे त्यांनी घेतले. चेहरा तिचा, तेव्हाचा. कपडे, केस, अंग नव्यानं घडवलेलं. मग तिच्या त्या जुन्या वाक्यांभोवती नवे प्रसंग लिहिले. नीट पाहिलंस तर रे आणि लिया बोलतात तिथे रेची वाक्यं लांब आहेत आणि लियाची तुटक, कुठल्याही संभाषणात बसतील अशी. संवाद म्हणून ते अडखळतं. पण रेचं काम करणारी डेझी रिडली समोर नसलेल्या बाईकडे इतक्या मायेनं बघत असते की मला ते अडखळणंही चाललं. आणि ल्यूकबरोबर जंगलात लढाई शिकणारी तरुण लिया जिथे दिसते, तिथे तिच्या जागी उभी राहिली होती कॅरी फिशरची मुलगी, बिली लुर्ड. गेलेल्या आईच्या तरुणपणीच्या अंगात शिरून कॅमेऱ्यापुढे चालायचं, हे त्या मुलीनं कसं केलं असेल? यात कुणी पाट्या टाकल्या असं मला तू सांगू नकोस.

आता केली मरी ट्रॅनबद्दल. ‘लास्ट जेडाय’मध्ये रोझ टिकोचं काम करणारी. व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेल्या आईबापांची मुलगी, स्टार वॉर्समध्ये मोठी भूमिका मिळालेली पहिली गोरेतर बाई. लोकांनी तिच्या दिसण्यावरून, वंशावरून इतकं घाण लिहिलं की 2018च्या जूनमध्ये तिनं इन्स्टाग्रामवरचं सगळं पुसून टाकलं. ऑगस्टमध्ये तिनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला आणि त्यात सांगितलं की जग मला केली म्हणतं, पण माझं खरं नाव लोन आहे. पुढच्या सिनेमात ती किती वेळ दिसते? एक-दीड मिनिट. पटकथाकार ख्रिस टेरिओनं सांगितलं की तिचे बरेच प्रसंग लियाबरोबर होते आणि जुन्या चित्रफितीतून ते नीट जुळेनात म्हणून गळले. असेलही. पण ज्यांनी तिला हाकलायचा चंग बांधला होता, त्यांना पडद्यावर हवं तेच दिसलं. त्यांना वाटलं, आपण जिंकलो. दादा, पॅल्पटिन परत आल्याचा राग येणाऱ्या प्रत्येकाला हाही राग यायला हवा होता. तुझ्या तोंडून मी रोझचं नाव कधी ऐकलं नाही.

तू असं काही लिहिलं नाहीस, हे मला माहीत आहे. पण 1999 आठव. त्या वर्षीच्या भागातल्या जार जार बिंक्सवर सगळे तुटून पडले होते. त्याचं काम करणाऱ्या अहमद बेस्टनं 2018मध्ये सांगितलं की त्या दिवसांत जीव द्यायचा विचार त्याच्या मनात आला होता. तेव्हा जी मुलं आठ-दहा वर्षांची होती, त्यांना जार जार आवडलेला होता. तीच मुलं मोठी झाली, आणि 2023मध्ये ‘द मँडलोरियन’ मालिकेत अहमद बेस्ट जेडाय होऊन लहानग्या ग्रोगूला वाचवताना दिसला तेव्हा त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. 2025मध्ये ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ वीस वर्षांनी पुन्हा लागला तर थिएटरं भरली. ज्या सिनेमांना तुझ्या वयाच्या लोकांनी नाकं मुरडली, ते आज लेकीला तू स्वतः दाखवतोस. तेव्हा आता 2019च्या सिनेमावर शिक्का मारायची एवढी घाई कशाला?

पण एका बाबतीत मी तुझ्याहून जास्त चिडलेली आहे, आणि त्याबद्दल तू कधी बोलत नाहीस. रे कोण, याबद्दल.

‘लास्ट जेडाय’मध्ये कायलो रेन, म्हणजे बेन सोलोच, तिला सांगतो की तुझे आईबाप कुणीच नव्हते, भंगार विकणारे, दारूच्या पैशासाठी तुला विकून गेलेले. ती रडते आणि मान्य करते, कारण तिला ते आधीपासूनच ठाऊक असतं. मला तेव्हा अंगावर काटा आला होता. स्कायवॉकरांच्या घराण्याची एवढी मोठी गोष्ट, आणि तिची पुढची नायिका कुणाचीच कुणी नाही! त्या सिनेमाच्या अखेरीस तबेल्यात काम करणारा एक पोरगा दिसतो. तो नुसता हात पुढे करतो आणि झाडू आपसूक त्याच्या हातात येतो. सिनेमात त्याचं नाव कुणी घेत नाही, कूळही सांगत नाही. फोर्स कुणाकडेही असू शकतो, तबेल्यातल्या पोराकडेही, एवढं त्या अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं होतं.

आपल्याकडच्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही. हस्तिनापुरात कर्ण अर्जुनापुढे उभा राहतो, आणि कृपाचार्य त्याला विचारतात, कूळ सांग. तिथे त्याची मान खाली जाते. आजही आपल्या गावात नवीन माणूस आला की नावामागून लगेच आडनाव विचारतात, आणि ते कशासाठी विचारतात हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. म्हणून रे ‘कुणीच नाही’ हे माझ्यासाठी या सगळ्या सिनेमांतलं मोठं दान होतं. आणि 2019मध्ये ते काढून घेतलं. ती पॅल्पटिनची नात निघाली. तिची ताकद तिची नव्हती, ती रक्तातून आली होती. कर्ण कुंतीचा मुलगा निघाला की त्याचं शौर्य क्षत्रियाच्या खात्यावर जातं, तसंच हे. लेखकांना तो धक्का वाटला असेल. मला वाटलं, दार उघडलं होतं ते पुन्हा लावून घेतलं.

हे मी तुझ्या लेकीला सांगितलं. तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, ‘पण आत्या, तिनं ते घेतलं कुठे?’

मग तिनं मला दोन प्रसंग दाखवले, रिमोट हातात घेऊन, मागे-पुढे करत. पासाना ग्रहावरच्या जत्रेत तिथली एकजण रेला गळ्यात माळ घालते आणि घराण्याचं नाव विचारते. रे म्हणते, मला नाही, मी नुसती रे. ते म्हणताना तिचा चेहरा पडतो. आणि शेवटी टॅटूइनवर, ल्यूक जिथे वाढला त्या वाळूत बुडालेल्या घराशी, उंट हाकत जाणाऱ्यासारखी एक म्हातारी येते आणि पुन्हा तेच विचारते. रे दूर बघते, ल्यूक आणि लिया तिला दिसतात, आणि ती स्वतःला स्कायवॉकर म्हणवून घेते. ‘आजोबांचं नाव तिच्याकडे होतं ना? ते तिनं नाही सांगितलं. ज्यांनी तिला शिकवलं त्यांचं सांगितलं,’ असं तुझी लेक म्हणाली. मला अजूनही वाटतं की ती पुन्हा ‘नुसती रे’ म्हणाली असती, या वेळी ताठ मानेनं, तर शेवट उजळला असता. पण पोरीचं वाचन चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. जन्मानं मिळालेलं नाकारून माणूस आपली माणसं निवडतो, हे तिनं त्या सिनेमातून घेतलं. ते तिथे आहे. मी रागात होते म्हणून मला दिसलं नव्हतं एवढंच.

आणि त्या घराबद्दल एक गोष्ट. ट्युनिशियातल्या वाळवंटात, 1976 साली पहिल्या सिनेमाचं चित्रीकरण झालं तिथे, ल्यूकच्या घराचा तो घुमट पुढे पार मोडकळीला आला होता. 2012मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या काही चाहत्यांनी पैसे जमवले, तिथे गेले आणि उन्हात उभं राहून तो डागडुजी करून पुन्हा उभा केला. चाहता म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हे लोक येतात. बेन सोलो मेल्यावर ज्यांना खरोखर शोक झाला, त्या रे-बेनच्या चाहत्यांनी बेनचं काम करणाऱ्या अ‍ॅडम ड्रायव्हरच्या, सैनिकांसाठी नाटकं करणाऱ्या संस्थेला देणग्या गोळा करून दिल्या. रडू आलं, ते त्यांनी असं वापरलं. आणि 2019च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या एका हॉस्पिसमध्ये शेवटच्या दिवसांत असलेल्या एका माणसाला सिनेमा लागायच्या आधीच डिस्नेनं तो दाखवला. त्याच्या सोबत त्याचा मुलगा होता. त्या बापलेकांना पॅल्पटिन परत आल्याचं काय वाटलं असेल, मला सांगता येणार नाही. पण त्या खोलीत जाऊन हा सिनेमा वाईट आहे असं तू म्हणाला असतास का?

मी तुला मत बदल म्हणत नाही. पटकथा दुबळी आहे, कट्यारीवरच्या खुणा क्षितिजाशी जुळवून खजिना सापडतो तो प्रकार पोरकट आहे, फिनच्या मनातलं शेवटपर्यंत मनातच राहतं आणि फिनचं काम करणाऱ्या जॉन बॉयेगानं आपल्या पात्राला बाजूला सारल्याबद्दल नंतर उघड बोलून दाखवलं ते योग्यच होतं. हे सगळं तू तिला जरूर सांग. पण आधी तिचं ऐक. तुला आवडला नाही आणि तिला आवडला, तर दोघांनी शेजारी बसून तो पुन्हा बघता येतो. जॉन विल्यम्सनं नवव्या भागालाही संगीत दिलंय, 1977पासूनचं सगळं त्यात गुंफलंय. निदान कान तरी उघडे ठेवून बस.

तिला तुझ्याशी बेनबद्दल बोलायचंय. तिनं एक पाहिलं जे मला दिसलं नव्हतं. लिया आधीच गेलेली असते, पण तिचं अंग चादरीखाली तसंच राहतं, जेडायचं होतं तसं नाहीसं होत नाही. बेन रेला वाचवून मरतो, त्याचं अंग विरतं, आणि त्याच क्षणी तिकडे लियाचंही विरतं. तुझी लेक विचारते, ती त्याच्यासाठी थांबली होती का? मी म्हटलं, हे बाबाला विचार, त्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं मी तिला घेऊन येतेय. संध्याकाळ मोकळी ठेव. वहिनीला सांग, जेवायला मी आहे.

तुझी,
धाकटी